धोंडीरामची खूण

भूतखेत, देवदेवस्की... माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. आमच्या कुंडलला शाळेमागच्या पिंपळावर मुंजा आहे म्हणायचे. त्याच पिंपळाखाली बसून मी मॅट्रिकचा अभ्यास केला, मुंजानं एक गणित सांगितलं नाही. पुढं पॅरा कमांडोत ऑफिसर झालो, विमानातून उड्या मारल्या, नको तिथं हिंडलो. कुठं काही दिसलं नाही. आता साताऱ्यात रिटायर्ड लाइफ चाललंय, आणि हे आजवर फक्त बायकोला सांगितलंय.

आधी आमची एक पद्धत समजून घ्या. शत्रूच्या हद्दीत एकामागे एक चालायचं, तोंडातून आवाज काढायचा नाही. दर शंभर पावलांनी सगळ्यात मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावर चापट मारतो, तो त्याच्या पुढच्याला... अशी ती लीडरपर्यंत येते. एक चापट म्हणजे सगळे आहेत, चला. दोन चापटा आणि जरा थांबून तिसरी, म्हणजे कुणीतरी मागं राहिलंय. ही दुसरी खूण माझ्या हवालदारानं, धोंडीरामनं काढलेली, फक्त आमच्या तुकडीपुरती. तो कायम शेवटी चालायचा.

एकाहत्तरला वाळवंटात धाड घालून परतताना ती खूण आली. दोन... आणि एक. मागून गोळीबार चालू, माझ्याबरोबर चौदा माणसं. मी थांबलो नाही. आपल्या हद्दीत आल्यावर मोजलं तर दोघं कमी. एक जखमी जवान मागं पडला होता आणि त्याला आणायला धोंडीराम परत फिरला होता. त्याच्या घरी पत्र मीच लिहिलं — सगळ्यांच्या पुढं राहून लढता लढता गेला. पुढं म्हणे! लाज वाटते अजून.

तीन वर्षं त्याच्या घरी जायचं टाळलं. शेवटी चौऱ्याहत्तरच्या श्रावणात रजेवर असताना गेलो. महाबळेश्वरच्या पलीकडं, कड्यावरच्या पठारावर चार घरांची वस्ती. दुपारचे दोन वाजले असतील, पण धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. घरात रडारड. धोंडीरामचे वडील, तात्या, सकाळी म्हशीमागं गेलेले परतले नव्हते. दम्याचा माणूस, आणि पठाराच्या कडेला सरळ तुटलेला कडा.

धोंडीरामचा थोरला भाऊ राऊ म्हणत होता, धुकं हटू द्या. मी म्हटलं, चला! कमांडोचा माज, दुसरं काय. कंपास काढला. बोलायचं नाही, म्हाताऱ्याचा खोकला ऐकू आला पाहिजे, म्हणून चापटीची पद्धत शिकवली. एक चापट म्हणजे सगळे ठीक, एवढीच. दुसरी खूण सांगितलीच नाही. माझ्याच्यानं ती सांगवली नसती.

धोंडीरामची बायको सखू मागं राहायला तयार होईना. "ते गेलं तवा मला कुनी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "सासऱ्यापायी तरी येऊ द्या."

आता थोरल्या दिराच्या अंगाला ती हात कशी लावणार? म्हणून मधे शेजारच्या मुबारकचाचांना घेतलं. चाचा वस्तीवरचेच पिंजारी, कापूस पिंजणारे, वयस्कर माणूस. पण त्यांच्याही खांद्यावर हात ठेवायला ती लाजली. शेवटी त्यांच्या घोंगडीचं टोक तिनं धरायचं आणि चापटीऐवजी हिसका द्यायचा असं ठरलं. पुढं मी, मग राऊ, मग चाचा, शेवटी सखू.

निघालो. शंभर पावलं, एक चापट. दोनशे, एक चापट. आणि मग... दोन. जरा थांबून, एक.

मनात म्हटलं, राऊचा हात घसरला असेल. खोटं कशाला सांगू, मी आणखी चार पावलं टाकलीसुद्धा. तेवढ्यात परत. दोन... आणि एक. या वेळी मात्र थांबलो. राऊ कुजबुजला, मागनं आली तशी दिली. चाचा म्हणाले, सखूनं घोंगडी तशीच वढली. मागं जाऊन चाचपलं तर घोंगडीचं टोक मोकळं लोंबत होतं. सखू नव्हतीच.

आलेल्या वाटेनं मागं पळालो. दगडांच्या राशीजवळ, कड्याच्या अगदी तोंडाशी ती पालथी पडली होती. खाली कारवीच्या झुडपात तात्या लटकलेले आणि त्यांचं मनगट तिच्या दोन्ही हातांत. ओरडून ओरडून घसा बसलेला, पण वारा उलटा, आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं. तिची बोटं पांढरी पडली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघंही गेले असते. आम्ही तिघांनी ओढून त्यांना वर घेतलं.

घरी चुलीपाशी चाचांनी त्या हिसक्यांचं सांगितलं. सखू म्हणाली, खोकला ऐकला तशी घोंगडी सोडली, दोनशे पावलांचा हिसका दिला आन् लगेच; त्यानंतर एकबी दिला न्हाई. मग तिनं मलाच विचारलं, दोन आणि एक म्हणजे काय?

"कुणीतरी मागं राहिलंय," मी म्हटलं. "धोंडीरामनं काढलेली खूण."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "मग तवा त्येंनी दिली न्हवती व्हय?"

खोटं बोलता आलं असतं. पत्रात बोललोच होतो. "दिली होती," मी म्हटलं. "मी थांबलो नाही."

राऊनं मान खाली घातली. तात्या भिंतीकडं तोंड करून पडले होते, त्यांचा खोकला तेवढा ऐकू येत होता. सखू उठली. मला वाटलं, आता घराबाहेर काढणार, आणि काढायलाच पाहिजे होतं. तिनं चहाची कपबशी आणून माझ्यापुढं ठेवली.

"आज थांबला न्हवं," ती म्हणाली.

मला तिथंच रडू फुटलं. एवढा मोठा ऑफिसर, पण लहान पोरासारखा रडलो.

पुढं चाचा हयात होते तोवर दर खेपेला त्यांना विचारायचो. उत्तर तेच, कुनीतरी वढली. घोंगडी काट्यात अडकली असेल म्हणावं, तर त्या पठारावर खडकाशिवाय काही नाही. आणि काटा दोनदा ओढून, थांबून, परत एकदा ओढतो का? तुम्हीच सांगा. मला पन्नास वर्षांत उत्तर सापडलेलं नाही.