कढईचा उपास

"मॅडम, दुकानात येऊन बगा. तुमच्या कंपनीनं मला कढया दिल्यात का विटा," बाबूअण्णा फोनवर ओरडले.

दसरा नुकताच झाला होता. बाबूअण्णा आमचे शाहूपुरीतले डीलर, मी लोखंडी भांडी बनवणाऱ्या कंपनीची सर्व्हिस इंजिनीअर. पोचले तर काउंटरवर गंजलेल्या कढयांची चळत, आणि तिच्यामागे अण्णांचा तसाच तांबडा चेहरा.

"दिवाळीचा माल घेत न्हाय मी. एजन्सी बी नको."

पुण्याहून सरांचा फोन आलाच. "लोखंड खराब असेल तर लॉट परत मागवू. चांगलं निघालं तर तुम्ही ग्राहकांना नीट समजावलं नाही, असं वर कळवतो."

म्हणजे एक तर कढया जाणार, नाहीतर मी. मला हसू फुटलं. संकटात मला हसू येतं, त्याला इलाज नाही.

लोखंडी कढईचं सगळं गणित सीझनिंगवर असतं. तेल लावून कढई तापवली की ते तेल लोखंडावर जळून एक काळा थर बसतो. तो असेपर्यंत गंज नाही आणि पदार्थ चिकटत नाही. परत आलेल्या कढयांवर तो थर औषधालाही नव्हता.

"अण्णा, तुमच्या घरी याच लॉटमधली कढई आहे ना?"

"हाय की. काळी कुळकुळीत. आमची ही रोज त्यात कायतरी तळतीया. उगंच न्हाय पोट असं सुटलंय माझं."

लोखंड चांगलं होतं तर. मग बाकीच्यांनी केलं काय?

तेवढ्यात बिद्रीच्या सुलाक्का पिशवीतून आपली कढई घेऊन आल्या आणि ती त्यांनी काउंटरवर आदळली.

"ही माझी मटणाची कढई. बगा काय दशा झाली."

"घासली कशी होती, अक्का?"

त्या भडकल्याच. "आळशी वाटले व्हय मी? घट बसायच्या आदी सगळं घर धुतलं. वाकळा धुतल्या, पडदं धुतलं. नवरात्रात मटण न्हाय, म्हणून ही राखंनं, वाळूनं आरशागत घासली आन् टाकली माळ्यावर."

"ओलीच?"

"घासल्यावर भांडं ओलंच आसतंय की."

मला तिथंच फुगडी घालावीशी वाटली. अख्ख्या जिल्ह्यानं एकाच आठवड्यात भक्तिभावानं मटणाच्या कढया सोलून काढल्या होत्या आणि उघडं, ओलं लोखंड नवरात्रभर माळ्यावर बसवलं होतं. बाबूअण्णा जैन. त्यांच्या घरी मटणच नाही, त्यामुळे कढईला सुट्टीही नाही.

"अण्णा, शेगडी काढा."

"मटण शिजवणार आसशीला तर गावाभाईर जावा."

"मिरचीची भजी हो."

दुकानाच्या पायरीवर मी सुलाक्कांच्या कढईचा गंज घासला, ती धुतली, जाळावर खडखडीत कोरडी केली. तेलाचा पातळ हात फिरवून धूर निघेपर्यंत तापवली. पुन्हा तेल, पुन्हा जाळ. कढई काळी पडत गेली तसा मला हुरूप चढतच गेला. मग भजी सोडली. एकही चिकटलं नाही. रस्त्यावरचा एक जण थांबून म्हणाला, "कढई ऱ्हाऊ दे, भजी कशी दिलीसा?" अण्णांच्या डोळ्यांत क्षणभर नवा धंदा चमकला.

सुलाक्का मात्र भजं खातानाही हटून बसल्या. "पुढल्या नवरात्रात काय करू? मटणाचा वास तसाच ठिऊ, देवीम्होरं?"

प्रश्न रास्त होता. "कढत पाण्यानं धुवा, जाळावर वाळवा, तेल पुसून कागदात गुंडाळा. उपास तुमचा, कढईचा नाही."

त्यांनी विचार केला. "व्हय की. मी उपासाला पोटभर शाबूची खिचडी हाणली, आन् हिला नुसतं पाणी पाजलं." त्या हसल्या, मग सगळी पायरी हसली.

अण्णांनी दिवाळीचा माल घेतला. सरांनी वर काही कळवलं नाही, माझी नोकरी राहिली. सुलाक्कांना दिलेला सल्ला मी छापून प्रत्येक कढईसोबत द्यायला लावला. आता कुठूनही तक्रार आली की मी लोखंडाआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघते.

पुढच्या दसऱ्यानंतर गंजाची एकही तक्रार आली नाही. फोन फक्त बाबूअण्णांचा.

"मॅडम, आमच्या हिनं तुमचं ऐकून कढई नवरात्रभर कागदात गुंडाळून ठेवली. मी खायाचं काय?"

सल्ला नीट दिला की तो सगळे पाळतात. ज्याला लागू नाही, तो सगळ्यांत आधी.