विरोध लिहून घ्या, मॅडम

बातमी कितीही मोठी असो, तात्या तिला आधी ग्रामसभेत उभी करायचे. "सूचक कोण? अनुमोदक कोण?" हे त्यांचे ठरलेले दोन प्रश्न. आज सगळा देश संतापलाय असं कुणी म्हणालं, की तात्या चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "सगळा? मला तर कुणी इचारलं न्हाय. माझी सही घेतली का कुणी?" समोरचा हसायचा, मग गोंधळायचा, मग दुसऱ्या विषयावर जायचा. तात्या मात्र तिथंच थांबलेले असायचे.

इंदापूर आणि बारामती तालुक्यांतल्या गावागावांत त्यांनी ग्रामसेवक म्हणून उभी नोकरी काढली आणि निवृत्त होऊन आमच्या गावात घर बांधलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे घडलं ते कुठल्याही गावात घडू शकतं. माझं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. दुकानाबाहेर लाकडी बाकडं आहे, आणि त्या बाकड्यावर रोज सकाळी नऊला तात्या हजर. पाठीमागं गाव त्यांना ठरावतात्या म्हणायचं. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

ते दोन वर्तमानपत्रं घ्यायचे. एक स्वतःच्या मताचं, दुसरं वाचून डोकं तापावं असं. तापवणारं आधी वाचायचे, तेही चहाच्या आधी. मी एकदा म्हणालो, "तात्या, कशाला सकाळी सकाळी जिवाला त्रास?" तर म्हणाले, "अरं दिलीप, माझ्या मताचं काय वाचायचं? ते मला ठावंच हाय. दुसरा काय म्हणतोय ते कळलं, म्हंजे भांडायला बरं." भांडायचे मात्र सभ्यपणे. समोरच्याचं म्हणणं आधी स्वतःच्या तोंडाने नीट मांडून दाखवायचे, "असंच म्हणायचंय ना तुला?" असं विचारायचे, आणि त्याने मान हलवली की मग सोलून काढायचे.

जगातल्या देशांची जी मोठी पंचायत आहे, तिच्यावर त्यांचा विशेष राग. युद्ध थांबवा म्हणून एवढे देश हात वर करतात आणि एकटा मोठा देश नको म्हणाला की सगळं फिसकटतं, हे त्यांना सहनच व्हायचं नाही. "आमच्या हितल्या सरपंचाला असला अधिकार दिला असता, तर गावात एक गटार झालं नसतं," असं म्हणून ते पान उलटायचे. परदेशातल्या एका अध्यक्षाने सकाळी जकात वाढवली आणि संध्याकाळी कमी केली, तेव्हा तात्या मनापासून खूश झाले. नोकरीतल्या पहिल्याच गावातला सरपंच त्यांना आठवला म्हणे. "त्याला निदान आमी प्रोसिडिंगची वही दाखवायचो, आधी काय ठरलंय त्याची. ह्याला कोण दाखवणार?"

पण हसण्यावारी न्यायचे नाहीत अशाही बातम्या होत्या. आखाताकडे लढाई पेटली आणि आमच्या भागातली केळी बंदरात अडकली, तेव्हा बाकड्यावर भावाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. वरकुट्याचा एक बागायतदार तावातावाने सांगत होता, की माल सडला तर काय करायचं. तात्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. त्याचं खोटं नव्हतंच. मग हळूच म्हणाले, "तुजी केळी खाणारं तिथलं पोरगं जिवंत हाय का, ते बी एकदा बघ की बाबा." तो बागायतदार रागावला नाही. जाताना तात्यांच्या पाया पडला, ते का, हे मला अजून नीट सांगता येणार नाही.

आमच्याकडे राजकारण घरात शिरलेलं असतं. पक्ष फुटले, चिन्हं बदलली, तशी एकाच घरात दोन रंगांचे गमछे वाळत पडले. तात्या ज्याला मत द्यायचे त्यालाच जास्त झोडपायचे. "मत दिलंय, जीभ न्हाय दिली," हे त्यांचं स्पष्टीकरण. त्यामुळे सगळे पक्ष त्यांना दुसऱ्याचा माणूस समजायचे.

दोषही सांगतो, नाहीतर तात्याच वर बसून माझी उलटतपासणी घेतील. ते फार बोलायचे. मी कॉइलचे वेढे मोजत असलो, की नेमके तेव्हाच त्यांना घटनेतलं एखादं कलम आठवायचं, माझी मोजणी चुकायची आणि पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईकं त्यांना बघून स्टँडकडून वळसा घालून यायची. एकदा वैतागून मी म्हणालो, "तात्या, तुमचं बरोबरच असतं, पण तुम्हाला एवढं का लागतं हो?"

त्या दिवशी त्यांनी पारूबाईची गोष्ट सांगितली. नोकरीतली जुनी. वस्तीचा सार्वजनिक नळ हलवून पुढाऱ्याच्या घराजवळ न्यायचा ठराव होता. सभेत पारूबाई नावाची एकच बाई उठली आणि म्हणाली, मी न्हाय म्हणते. सरपंचाने तात्यांकडे नुसतं बघितलं. तात्यांनी प्रोसिडिंगमध्ये लिहिलं, सर्वानुमते मंजूर. "ती बोलली हुती, दिलीप. समद्यांनी ऐकलं. पर म्या लिहिलं न्हाय. उद्या कुणी वही काढून बघितली, तर ती बोललीच न्हाय." पुढं कित्येक वर्षं वस्तीतल्या बायका लांबून हंडे वाहत होत्या. तात्या त्या गावाला पुन्हा कधी गेले नाहीत. सांगताना त्यांचा आवाज साधाच होता, पण हातातलं वर्तमानपत्र त्यांनी इतकं घडी घालत नेलं, की शेवटी ते पाकिटाएवढं झालं.

मग आली आमच्या यात्रेच्या आधीची ग्रामसभा. कुठल्या तरी लांबच्या जत्रेत दुकानदार आणि गिऱ्हाइकांची मारामारी झाल्याचा एक व्हिडिओ गावभर फिरला होता. कुठली जत्रा, कधीची, कुणाला माहीत नव्हतं. तरी विषय मांडला गेला, की यंदा यात्रेत बाहेरच्या दुकानदारांना जागा द्यायची नाही. बाहेरचे म्हणजे कोण, हे कुणी तोंडाने बोललं नाही. इंदापूरचा पाळणेवाला बाहेरचाच, बारामतीचा भेळवाला बाहेरचाच, पण त्यांची कुणाला अडचण नव्हती. अडचण होती ती भिगवणच्या मेहबूबभाईंची. मेहबूबभाई आणि त्यांच्या बायको शमीमभाभी आमच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान लावतात. त्यांच्या आधी मेहबूबभाईंचे वडील लावायचे.

यात्रा कमिटीचे अप्पा वही घेऊन बसलेल्या ग्रामसेविकेला म्हणाले, "मंजूर ना? लिहा मॅडम, सर्वानुमते."

तात्या उठले. "लिहू नका. माझा विरोध हाय."

"तात्या, गावाच्या विरोधात जाताय तुमी?"

"गावातच उभा हाय की म्या. जाऊ कुठं? विरोध लिहून घ्या, मॅडम. आन् मला सांगा, बायकांची सभा झाली का आधी?"

ग्रामसेविका मॅडम कागद चाळू लागल्या. नियमाने ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. आमच्याकडे घरोघर वही फिरवून बायकांच्या सह्या घेतल्या की ती झाली, असं समजायची पद्धत. तात्यांसमोर मॅडमना तसं सांगवेना. विषय दोन दिवस पुढे गेला.

बसण्याआधी तात्यांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, "आनखी कुणाचा हाय का विरोध?"

माझा होता. पण अप्पांच्या सगळ्या मोटारी माझ्याकडे येतात, आणि अप्पा माझ्याकडेच बघत होते. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. हे लिहितानाही लाज वाटते.

दोन दिवसांनी समाजमंदिरात बायका जमल्या. आम्ही पुरुष दाराशी घोटाळत उभे. माझी बायको सुनीता चारचौघांत कधी तोंड उघडत नाही. ती उठली. म्हणाली, "माझा लग्नाचा चुडा शमीमभाभींनी भरला. पोरीचा बी त्याच भरतील. हात आमचा हाय, त्यात बांगडी कुणी भरायची ते आमी ठरवू." एकेक करून हात वर जायला लागले. पहिल्या रांगेत अप्पांची आई होती, तिने दोन्ही हात वर केले. तो ठराव पुढं कधी कुणी काढला नाही. यात्रेत बांगड्यांचं दुकान नेहमीच्या जागी लागलं आणि नेहमीपेक्षा जास्त चाललं.

त्यानंतर वर्षाच्या आतच तात्यांना बारामतीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मी भेटायला गेलो. छातीवर वायरी लावलेल्या, तरी टीव्हीवरच्या चर्चेला ते मान हलवून नकार देत होते. मी म्हणालो, "तात्या, त्या दिवशी सभेत मी हात वर केला नाही."

"बगितलं की म्या."

"भ्यालो होतो."

त्यांनी टीव्हीवरची नजर माझ्याकडे वळवली. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "मंग बरं हाय," ते म्हणाले. "भ्यालेल्याची भीती जाती कधी तरी. ज्याला तसला ठराव पटलेला असतो, त्याचं अवघड." मग माझा हात धरून म्हणाले, "म्या तर नोकरीभर भ्यालो, दिलीप. तुजं एका दिवसाचं काय घिऊन बसलास?" चारच दिवसांनी ते गेले. बाकडं अजून आहे, त्यावर आता कुणीही बसतं. मला तात्यांची आठवण रोज येते, आणि वेढे मोजताना जास्तच येते.

परवाची गोष्ट. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला आणि ग्रामसभेत एकाने विषय काढला, की टोळ्यांची पोरं आपल्या शाळेत नकोत, ती अस्वच्छ असतात, आपल्या पोरांच्या अभ्यासाचं नुकसान होतं. माना डोलल्या. अप्पांची डोलली. मॅडमनी पेन उघडलं.

मी उभा राहिलो. मागून कुणी तरी शर्ट ओढला. "माझा विरोध आहे," एवढंच म्हणालो. भाषण येत नाही मला.

मॅडम मला चांगल्या ओळखतात, पाणीपुरवठ्याची मोटार त्या माझ्याकडेच पाठवतात. तरी त्यांनी वहीतून मान वर करून विचारलं, "पूर्ण नाव?"

मी सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, त्यांना नीट लिहून घेता यावं इतकं सावकाश.