बैलांना पत्री कशाला मारतात

आधीच माफी मागतो. मी लेखक नाही. आजवर सलग लिहिलं ते फक्त प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये, आणि त्यातलंही बरंचसं शेजारच्याचं बघून. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आपल्या आठवणी लिहाव्यात आणि दुसऱ्यांनी त्या वाचाव्यात, हे मोठ्या माणसांचं काम, असं मला अजूनही वाटतं. पण एक गोष्ट नववीपासून माझ्याजवळ राहिली आहे. जिला सांगायची होती तिला ती वेळेवर सांगता आली नाही, म्हणून इथे लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

नववीत मी वरकुट्याला आमच्या गावच्याच शाळेत होतो. विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गतीच्या नियमांचा. जूनमध्ये तो शिकवून झाला आणि दिवाळीआधीच्या परीक्षेत सरांनी त्यावर एक प्रश्न घातला. बैल गाडीला जेवढ्या बलाने पुढे ओढतो, तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते. मग गाडी पुढे का जाते?

सगळ्या वर्गाने एकच उत्तर लिहिलं: बैलाचा जोर गाडीपेक्षा जास्त असतो म्हणून. ज्यांच्या घरी बैल होते त्यांनी तर ते फारच ठामपणे लिहिलं. मी त्यातलाच. मी खाली रेघसुद्धा मारली होती.

दिवाळीनंतर सरांनी पेपर वाटले आणि म्हणाले, "एकमेकांचं बघून लिहिलं म्हणावं तर अक्षरं वेगळी. सगळ्यांची अक्कल एकाच दावणीला बांधलीय काय रे?" मग फळ्यावर बैलगाडी काढून त्यांनी धडा परत शिकवायला घेतला.

त्याच आठवड्यात ती वर्गात आली. आमच्याकडे ऊस तोडायला बीडकडून टोळ्या येतात. गावाबाहेर माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या पडतात, आणि ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना तिकडची शाळा एक हमी कार्ड देते, म्हणजे इथल्या शाळेत बसता येतं. लहान मुलं यायची. नववीतलं कुणी येत नसे, कारण त्या वयात हातात कोयता आलेला असतो. ती आली. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीन दिवस, आणि तेही मोळ्या बांधून झाल्यावर. शेवटच्या बाकावर बसायची. तिच्या ओढणीला पाचटाची कुसं चिकटलेली असायची. पोरं तिला 'गाडीवाली' म्हणायची.

सरांनी फळ्यावरच्या बैलांकडे बोट करून तोच प्रश्न विचारला. मी उठून पुन्हा तेच उत्तर दिलं, कारण मला ते मनापासून पटलेलं होतं. मागून आवाज आला, "मंग बैलाला पत्री कशाला मारत्यात?"

वर्ग हसला. पत्री म्हणजे बैलाच्या खुरांना मारतात त्या लोखंडी पट्ट्या. एकजण म्हणाला, "गाडीवाले, प्रश्न बलाचा हाय, लव्हाराचा न्हाय."

सर हसले नाहीत. खडू खाली ठेवून म्हणाले, "थांबा. बोल गं तू."

ती उभी राहिली. "पत्री झिजली की बैल डांबरीवर घसरतंय. जोर तेवढाच असतो, बैल बी तोच असतो. तरी गाडी जागची हालत नाई. मंग जोरानं कुठं जाती गाडी? बैल खुरानं भुईला मागं रेटतंय, आन् भुई त्याला म्होरं रेटती. भुईनं रेटलं नाई तर बैल काय करील?"

सरांनी खडू उचलून फळ्यावरच्या बैलांच्या पायाखाली दोन बाण काढले, एक मागे, एक पुढे. इतके दिवस आम्ही जू, दोर, चाकं सगळं काढत होतो. जमीन कुणी काढलीच नव्हती.

मला राग आला. लहानपणापासून मी गाडीवर बसत आलो होतो आणि ही चार दिवसांपूर्वी आलेली मुलगी मला गाडी शिकवत होती. शाळा सुटल्यावर मी तिला म्हणालो, "बोलायला सोपं हाय. दावून दे."

ती म्हणाली, "चल की मंग."

त्यांच्या कोप्यांपाशी रिकामी टायरगाडी जू जमिनीला टेकून उभी होती. तिच्या धाकट्या भावाने जू उचलून धरलं. तिने माझ्या पायाखाली वाळलेलं पाचट पसरलं आणि म्हणाली, "रेट." मी सगळी ताकद लावली. गाडी हलली नाही. पाचटावरून माझेच पाय मागे सरकत गेले आणि मी गुडघ्यांवर आपटलो. तिची आई चुलीपुढून म्हणाली, "आगं, कुणाच्या लेकराला लोळवतीस?" तिने पायाने पाचट बाजूला केलं. "आता रेट." गाडी मुकाट्यानं पुढे गेली.

"आता तुझा जोर वाढला व्हय?" ती म्हणाली.

मला तो धडा त्या दिवशी समजला. परीक्षेत मार्क त्याआधीही पडत होते. समजण्याचा आनंद काय असतो हे तिथे, गुडघे खरचटलेले असताना, पहिल्यांदा कळलं. त्यानंतर ती शाळेत आली की आम्ही असलंच काहीतरी बोलायचो. ऊस भरताना मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, ते का? भरलेली गाडी उतारावर बैलांच्या अंगावर का येते? ती प्रश्न असे विचारायची की जणू पुस्तक तिच्या गाडीकडे बघूनच कुणीतरी लिहिलं असावं.

एकदा मी विचारलं, "पुढच्या साली येणार ना?"

"बा म्हनतो, म्होरल्या साली शाळा बंद. एक कोयता वाढंल." ती हे अगदी साधेपणाने म्हणाली.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं. टोळ्या एका दिवसात आवराआवर करतात. मी माळावर गेलो तेव्हा कोप्या मोडल्या होत्या आणि गाडीवर पत्रे, भांडी, कोंबड्यांची पाटी, सगळं चढलं होतं. ती वर बसली होती. खाली न उतरताच म्हणाली, "एक राह्यलंच. मी भुईला रेटते तेवढंच भुई मला रेटती ना? मंग मी म्होरं जाते, तर भुई मागं का जात नाई?"

मी म्हणालो, "सांगतो."

"कवा? म्होरल्या साली?" ती हसली, आणि तिच्या वडिलांनी बैल हाकले.

पुढच्या हंगामात माळावर दुसरीच टोळी आली. त्यांच्यात ती नव्हती. मी दहावीत होतो. तिच्या हातात कोयता आला, एवढंच मी धरून चाललो. त्यानंतर ऊस भरलेली गाडी दिसली की माझी नजर आधी वर बसलेल्या बाईमाणसांकडे जायची. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी त्याचा वेगळाच अर्थ काढला असता, आणि तो पूर्ण खोटा होता असंही मला आज म्हणवत नाही.

उत्तर मला अकरावीत मिळालं. बारामतीला कॉलेजात नाव घातलं होतं, राहायला सांगवीला आत्याकडे. एक गणित सोडवताना एकदम लक्षात आलं की भुई मागे जाते. बल सारखंच, पण पृथ्वीचं वस्तुमान एवढं प्रचंड की तिचं सरकणं कुणालाही कधी दिसणार नाही. मी पेन खाली ठेवलं. समोर सांगायला कोणी नव्हतं. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "सरकू दे बाबा. तू जेव आधी."

मी बीएस्सीला फिजिक्स घेतलं. वडील अजून विचारतात, "ह्याचं पुढं काय हुतं?" मला नीट सांगता येत नाही.

गेल्या हंगामात सांगवीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग थांबली होती. मी सवयीप्रमाणे एका गाडीवानाला गाव विचारलं. तिच्या गावाचं नाव मला पाठ होतं. हमी कार्डावर वाचलं होतं. तो म्हणाला, "आमच्या शेजारचंच हाय. का?"

मी तिच्या वडिलांचं वर्णन केलं, दोन्ही बैलांचं केलं, मग तिचं नाव घेतलं. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी कोण तिचे?"

"एका वर्गात होतो. चार महिने."

"तिचा बा आता ह्या भागात येत नाई. पोरीचं मला ठावं नाई. गावाकडं गेल्याव इचारतो."

मी वहीचं पान फाडून तिथेच चिठ्ठी लिहिली आणि घडी न घालता त्याच्या हातात दिली, म्हणजे ज्याला वाचायची त्याने वाचावी. त्याने ती मलाच परत दिली. "मला वाचता येत नाई. काय हाय, वाचून दावा."

रस्त्याच्या कडेला उभं राहून मी मोठ्याने वाचलं: भुई मागे जाते. पण ती एवढी जड आहे की आपल्याला कळत नाही. उशीर झाला, माफ कर.

मागच्या गाडीवरून कुणीतरी ओरडलं, "आबा, भुई मागं चाललीय म्हनं! बैलं धरा घट!" सगळी रांग हसली. त्याने मात्र चिठ्ठी टोपीत ठेवली.

वर्ष गेलं. चिठ्ठीत मी एक गोष्ट लिहिली नव्हती, जी मला खरी विचारायची होती: तुझी शाळा सुटली का? ते लिहायचं धाडस झालं नाही. उत्तर काय येईल ते मला माहीत आहे असं वाटायचं, आणि ते न आलेलंच बरं, असंही.

गेल्या महिन्यात कॉलेजातून परतताना त्याच रस्त्यावर त्यानेच मला हाक मारली. "ओ भुईवाले!"

मी सायकल टाकून धावलो.

"दिली चिठी. पोरगी वाचून लई हसली. म्हनली, पट्टा पडला त्याच दिशी, गाडीव बसल्या बसल्या घावलं हुतं मला. त्याच धड्यात दोन पानं मागं हाय म्हनं. त्यांला इचारा, पुस्तक उघडत हुता का न्हाई?"

मी हसलो. मग विचारलं, "आणि ती... ऊसतोडीला कुठं असती आता?"

"कोन, ती?" त्याने बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "ती कशाला येतीया ऊसाला? तुमच्याकडनं गेली त्याच्या म्होरल्या सालीच हटून बसली, दहावीचा पेपर द्यायचा म्हनली. चुलतीपाशी ठिवली तिला, आन् बा एकलाच आला. तवाधरनं शिकतीच हाय. बीएस्सी का काय म्हनत्यात ते. शेवटचं वरीस हाय म्हनली औंदा."