अक्कांची मऊ भाजी

“बंदे री, बंदे!” हे अक्कांचं दिवसभराचं वाक्य. कानडीत ‘आले हो, आले’. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंनी आतून हाक मारली की अक्का असतील तिथून ओ द्यायच्या. एकदा जिन्यात माझ्याशी बोलता बोलता मध्येच त्यांनी ओ दिली. हाक मला काही ऐकू आली नव्हती. त्यांनाही नव्हती. “सवय लागलीय की,” म्हणाल्या, आणि तरीही बघायला गेल्याच.

कानडी मुलखाला लागून असलेल्या आमच्या शहरात, भवानी पेठेत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. ऑफिसात जाते म्हणून सगळी गल्ली मला मॅडम म्हणते. अक्कांचे यजमान जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरी बसून टॉवेलच्या कडा शिवायच्या. माहेर सांगोल्याचं, कानडी सासरी येऊन शिकल्या. तिकडे म्हातारी आई होती. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि अक्का म्हणायच्या, “येते की आई, पुढल्या सोमवारी.” सांगोला एसटीनं जेमतेम अडीच तास. पण नऊ वर्षांत तो सोमवार काही उजाडला नव्हता.

सगळं अडायचं भाजीपाशी. सासूबाईंना दात नाहीत. वांगी, गाजर, भोपळा, पावटे असं एकत्र, काळा मसाला आणि शेंगांचं कूट घालून लोण्यासारखं मऊ शिजलेलं लागायचं, तेही वाफाळतं. दुसरं काही घशाखाली उतरायचं नाही. अक्का तास-तास गॅसपुढे उभ्या.

मला वाटलं, यावर उपाय सोपा आहे. मी स्लो कुकर मागवला. सकाळी भाज्या घालायच्या, बटण दाबायचं, सहा-सात तासांत मंद आचेवर आपोआप शिजतं. समोरच्या काकू सासूबाईंना भरवायला, हाकेला ओ द्यायला तयार होत्या. “आता जा बिनघोर सांगोल्याला,” मी ऐटीत म्हणाले.

संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघते, तर अक्का ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन त्या भांड्यासमोर पाटावर बसलेल्या!

“गेला नाहीत?”

“चालू वस्तू घरात सोडून कसं जायाचं ओ मॅडम?”

मी पोट धरून हसले. तुम्हीही हसला असतात. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला काय जातं!

शेवटी रजा टाकून मीच त्या पाटावर बसले आणि अक्का पहाटेच्या गाडीनं गेल्या. आतून दर दहा मिनिटांनी हाक. पाणी. कूस बदल. पडदा ओढ. पडदा सार. कुटं गेली ती? भांड्याचं झाकण उघडायचं नाही, म्हातारीला सोडून गल्लीत उतरायचं नाही. दुपारपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. खिडकीच्या गजांतून मी रस्त्यावरची माणसं बघत होते आणि प्रत्येकाचा हेवा करत होते.

चार वाजता अक्कांचा फोन आला. आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

“मॅडम, आई हात सोडंना बगा. आजची रात राहू का? सकाळच्या पहिल्या गाडीनं येते.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं काहीही अडणार नव्हतं. रजाही शिल्लक होती. तरी मी म्हणाले, “उद्या ऑफिस आहे हो माझं.”

“व्हय की. निघतेच,” त्या लगेच म्हणाल्या.

रात्री आल्या, हात धुतले, सासूबाईंना भरवलं. मला दोनदा म्हणाल्या, “तुमच्यामुळं आईला बगितलं.” मला त्यांच्याकडे बघवेना.

महिन्याभरानं एका सकाळी अक्कांची आई गेल्याचा निरोप आला. मी धावत खाली गेले. “अक्का, चार दिवस राहा, आठ दिवस राहा. मी रजा टाकते.” त्या मान हलवून गेल्या.

त्याच दिवशी, दिवस मावळताना दारात अक्का उभ्या.

“अहो, राहायचं की!”

“आता कुणाजवळ राहू?” त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. “तुमी जावा वर. लई दमला असाल.”