जनाबाईंना हवी असलेली हाक

"मॅडम, मेंदूला सूज खूप आहे. स्टेरॉइड चालू करू का?" फिजिशियन फोनवर घाईत होते.

"आज नको. पेशंट तग धरत असेल तर आधी बायोप्सी," मी म्हटलं.

मी उल्हासनगरच्या एका स्कॅन सेंटरमध्ये रेडिओलॉजिस्ट आहे. समोर बाळारामचा एमआरआय होता. वांगणीकडचा भातशेती करणारा माणूस, पन्नाशीचा. तीन आठवड्यांपासून त्याचं बोलणं बंद होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेलगत गाठ होती. मला लिम्फोमाचा, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचा संशय होता. ही गाठ स्टेरॉइडने काही दिवस विरघळल्यासारखी होते. मग बायोप्सीसाठी तुकडा काढला तरी निदान हाती लागत नाही.

फिजिशियननी स्टेरॉइड दिलं नाही. बायोप्सीत लिम्फोमाच निघाला.

आता पुढचा प्रश्न, पेशंटचं काय होणार? एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात पेशींमधलं पाणी किती मोकळं हलतं ते कळतं. इथे ते जवळजवळ अडकलं होतं. म्हणजे पेशी खच्चून भरलेल्या. अशा गाठी बऱ्याचदा त्रास देतात. मी ऑन्कोलॉजिस्टना सांगितलं, "लक्षण बरं नाही."

बाहेर त्याची बायको जनाबाई बसली होती. जगतील का, असं तिने विचारलंच नाही.

"बाई, हे परत बोलतील ना? बांधावरून 'जने' म्हणून हाळी द्यायचे. मी मुद्दाम ओ द्यायची नाय. अजून दोनदा ओरडू दे म्हनायची."

"औषध लागू पडतंय का ते बघू," एवढंच मी म्हणू शकले.

दोन केमोनंतर पुन्हा स्कॅन केला. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर पूर्वी लख्ख उजळलेली गाठ आता नखाएवढी उरली होती. इतक्या लवकर गाठ आटणं ही फार चांगली खूण. माझा पहिला अंदाज चुकला, याचा मला आनंदच झाला. पुढच्या स्कॅनमध्ये तीही दिसेना.

याला आता तीन वर्षं झाली. बाळाराम चालतो, गुरं सोडतो, हाताने जेवतो. बोलत मात्र नाही. गाठ गेली, पण जाताना तिने बोलण्याची ती जागा खाल्ली होती.

गेल्या महिन्यात मी जनाबाईंना म्हटलं, "रिपोर्ट एकदम क्लीन आहे."

"व्हय," ती म्हणाली. "मानूस मिळाला, बाई. देवाचे उपकार. पन मी शेतात पाठ करून हुभी ऱ्हाते. वाटतं, आता हाक येल. मग हेच येऊन खांद्याला हात लावतात."

बाळाराम शेजारीच बसला होता. त्याने मान खाली घातली. त्याला सगळं समजतं.

गाठ किती दिवस देईल याचा अंदाज एमआरआय थोडाफार बांधतो. ते दिवस कसे जातील हे त्यात दिसत नाही. आता स्कॅनआधी मी घरच्यांना विचारते, तुम्हाला नेमकं काय परत हवंय? त्यांचं उत्तर रिपोर्टच्या कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मला अजून कळलेलं नाही.