बांधलेली पुडी

लक्ष्मीपुरीत बाळासोंचं किराणा दुकान होतं. त्याच्या मागच्या पडवीत झुंबरबाई धान्य निवडायला बसायची. चाळिशीची बाई, हाडापेरानं दणकट, बोलायला कमी. नवरा साखर कारखान्यात, म्हणून राहणं कसबा बावड्यात. सकाळी चालत यायची, उन्हं कलली की चालत जायची.

रविवार बाजाराचा. खेड्यापाड्यांतल्या बाया दुकानापुढं दाटी करायच्या आणि बाळासोंचा हात हळू. एकेक जिन्नस पोत्यातनं काढायचा, जोखायचा, कागदात बांधायचा, मग हिशेब. तोवर मागच्या ताटकळत.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात वडणग्याची चिमणाबाई अशीच अडकली. अंगावर पिणारं पोर सासूजवळ ठेवून आली होती. तिची पाळी येईतो गावची बैलगाडी निघून गेली. पदर छातीशी घट्ट धरून ती पायरीवर बसली आणि तिला रडू फुटलं. झुंबरबाईनं तिची भिजलेली चोळी बघितली आणि काय ते ओळखलं.

"ऊठ बाई. मी येतो तुझ्यासंगं."

ओझं वाटून घेऊन दोघी पंचगंगेच्या पुलापर्यंत गेल्या. तिथं वडणग्याकडं निघालेला एक गाडीवान भेटला. चिमणाबाईला त्याच्या गाडीत बसवूनच झुंबरबाई माघारी फिरली. वाटभर तिच्या मनातनं ती चोळी हलेना.

दुसऱ्या दिवशी ती मालकापुढं उभी राहिली. "मालक, डाळ, शेंगदाणं, मिरची आदल्या दिवशीच जोखून पुड्या बांधू की. पुडी घेणाऱ्या बायका एका अंगानं लगेच सुटतील."

"लोकांना डोळ्यांदेखत जोखलेलं लागतंय, झुंबरबाई. बांधलेलं कोण घेईल?"

"एक रविवार बघू. न्हाय गेल्या तर मी सोडून परत पोत्यात भरतो."

बाळासो कुरकुरले, पण नको म्हणाले नाहीत. झुंबरबाईनं पावशेराच्या पुड्या बांधून माळ्यावर रचल्या.

रविवारी कुणी पुडीला हात लावेना. शेवटी धोंडुबाई पुढं आली. तिचा आवाज दुकानाच्या बाहेरपर्यंत जायचा. मिरचीची पुडी तळहातावर तोलत ती म्हणाली, "पावशेर हाय म्हणं. जोखून दाव."

झुंबरबाईनं पुडी तागडीत टाकली. वजनाचं पारडं खाली राहिलं. पुडी कमी भरली होती.

बायकांत कुजबुज झाली. बाळासोंनी मान खाली घातली. झुंबरबाईचे कान तापले. तिनं स्वतः नीट जोखली होती. मग तिला माळ्यावरचा तापलेला पत्रा आठवला. सर्द मिरची त्या उष्णतेनं वाळली होती.

"कमी हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बांधली तवा मिरची सर्द हुती. पत्र्याखाली वाळली. माझ्या ध्यानात आलं न्हाय." आणि मिरचीची एकेक पुडी सोडून तिनं सगळ्यांसमोर पोत्यात ओतली.

मग धोंडुबाई म्हणाली, "आता शेंगदाण्याची जोख." ती बरोबर भरली. धोंडुबाईनं दोन घेतल्या. मागची बाई म्हणाली, "मला डाळीची दे."

पुढच्या रविवारी बाळासोंनी बाहेरच्या बाजूला दुसरी तागडी टांगली. ज्याला शंका येईल त्यानं जोखून घ्यावं. मिरची मात्र कायम सुटीच विकली. झुंबरबाई पडवीतनं पुढं आली, पुड्यांपाशी बसू लागली. "बाईमाणूस दुकानाच्या तोंडाशी बसतंय," असं बावड्यात कुणीतरी तिच्या नवऱ्याला टोचलं. तो म्हणाला, "मग काय पाठ करून बसू दे?" त्यानंतर कुणी विषय काढला नाही. आषाढात चिमणाबाई पोराला काखेत घेऊन आली, पुड्या घेतल्या आणि गाडी जुंपायच्या आत पोचली.

पाच-सहा वर्षं बरी गेली. मग सरकारनं शेर मोडून किलो आणला. म्हाताऱ्या बायकांना नवी वजनं फसवी वाटायची. एकेक पुडी दोन्ही वजनांनी जोखून दाखवावी लागे आणि रांग पार रस्त्यावर जाई. बाळासो चुळबुळ करायचे, "आटपा की जरा." झुंबरबाई हात आवरता घ्यायची नाही. समोरच्या म्हातारीला म्हणायची, "समजलं न्हाय व्हय आज्जी? थांबा, परत दावतो."