हिरवी पट्टी

माझ्या भावानं ज्या माणसाचं मनगट मोडलं, त्याच्या हाताला प्लास्टर मीच घातलं. घालताना मुद्दाम जरा ओढलं. तो कळवळला तेव्हा मी विचारलं, "बापाला मारताना हात नाही दुखला?" तो म्हणाला, "त्याला लवकर आत घ्यावं म्हणूनच मारलं हो ताई." त्या दिवसांत आमच्या अपघात विभागात हे असं चाललं होतं.

भाऊ दारावर सुरक्षारक्षक आणि मी आत ड्रेसर, म्हणजे जखमा धुणारी, बांधणारी. एक मोडतो, एक जोडते, घरचाच धंदा आहे, असं डॉक्टर थट्टेनं म्हणायचे. भावाला मी दादा म्हणते, बाकी सगळे कडी म्हणत. तो दारात उभा राहिला की दार लागलंच समजायचं. आधी तो गॅसच्या टाक्या वाहायचा, खांद्यावर टाकी घेऊन न थांबता जिने चढायचा. बोलायचा मात्र इतकं कमी की शब्द उसने आणलेत असं वाटावं.

त्याचा राग मला ठाऊक होता, कारण तो आमच्याच घरात तयार झाला. बाप आईला मारायचा. पट्ट्यानं, चपलेनं, हाताला येईल त्यानं. आणि आई आवाज करायची नाही. पोरं उठतील, शेजारी ऐकतील, म्हणून ओठ दातांत धरून भिंतीकडे तोंड करायची. सकाळी गालावर वळ घेऊन लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायला बसायची. एकदा तापलेली इस्त्री हातावर पडली, तरी हूं नाही की चूं नाही. दादाला मिसरूड फुटलं त्या वर्षी त्यानं बापाचा उगारलेला हात वरच्यावर धरला, पिरगाळला आणि बापाला फरफटत नेऊन रस्त्यावर टाकलं. बाप परत आला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. तेव्हापासून कुणी समोर कुणावर हात टाकला की दादाचं डोकं फिरायचं.

मग यंत्र आलं. त्याआधी बाहेर एक सिस्टर बसायची आणि आधी कुणाला आत घ्यायचं ते ती ठरवायची. साहेबांचा मेहुणा आला की साध्या खोकल्यालाही रांग फुटायची. यंत्राला ना मेहुणा ना भाचा. दंडाला पट्टा, बोटाला चिमटा, समोर कॅमेरा. गोड आवाजात चार प्रश्न विचारायचं, चेहरा पाहायचं, आवाज ऐकायचं आणि मनगटावर बांधायला रंगीत पट्टी काढून द्यायचं. लाल पट्टीला आतलं दार आपोआप उघडे. पिवळीनं थोडं थांबायचं, हिरवीनं निवांत बसायचं. मला ते आवडलं होतं. नुसती चक्कर येते म्हणत चालत आलेल्या एका ड्रायव्हरचा ओठ किंचित वाकडा झालेला यंत्रानं पाहिला आणि लाल पट्टी दिली. तो माणूस वाचला, नाहीतर बाकड्यावरच गेला असता.

पण हिरवीवाल्यांचा राग कुठंतरी निघायला हवा. यंत्राला शिवी दिली तर ते धन्यवाद म्हणायचं. मग यंत्राशेजारी बसलेली सिस्टर होतीच, चोर सोडून संन्याशाला फाशी. एकानं सलाइनचा स्टँड उचलून तिच्या डोक्यात घातला. मी तिचे केस कापले, डॉक्टरांनी टाके घातले, ती माझा हात सोडत नव्हती. त्यानंतर ऑफिसनं बाहेर माणूस बसवणंच बंद केलं. मध्ये जाड काच लावली, पोलादी दार बसवलं. बाहेर उरले यंत्र आणि दादा. पट्टीचा रंग बदलायचा अधिकार फक्त सिस्टरच्या कार्डाला होता. ते कार्ड तिच्याबरोबर रजेवर गेलं, आणि हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

लोकांच्या मात्र सगळं लक्षात येतं. एक तापाचं पोर तपासणीच्या वेळी खुर्चीवरून पडलं, किंचाळलं, आणि पट्टी लाल आली. ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुसऱ्या दिवसापासून लोक आपल्या माणसांना यंत्रासमोर चिमटे काढू लागले. मग थपडा. मग कुणी मोडलेला हात पिरगाळला, कुणी म्हाताऱ्या बापाच्या कानाखाली वाजवली. माझ्याकडे येणाऱ्या जखमांत निम्म्या घरच्यांनी केलेल्या. एका बाईनं तर नवऱ्याच्या भाजलेल्या पायावर टाच दिली आणि लाल पट्टी पाहून देवाचे आभार मानले.

दादा पिसाटला. ऑफिसात जाऊन त्यानं त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोलून टाकलं, "पेशंटला जो मारेल त्याला मी बाहेर फेकणार, मग तो कुणी का असेना." ऑफिसनं तसा नियमच केला. त्यानंतर तो रोज कुणाची तरी मानगूट धरून फाटकाबाहेर टाकायचा. मनगट मोडलेला माणूस त्यातलाच.

आई आली ती भर दुपारी, शेजारणीच्या आधारानं. मी तेव्हा आत होते. बस उलटली होती, खाटा कमी पडून जमिनीवर माणसं होती, आणि एकाच्या मांडीतून रक्ताची चिळकांडी उडत होती. त्या जखमेत माझी बोटं रुतलेली होती. काचेतून मला आई दिसली. घामानं निथळत होती, चेहरा राखेसारखा. तिला जुना मधुमेह, त्यात नाडी संथ ठेवणारी गोळी चालू, म्हणजे दुखणं आणि धडधड दोन्ही दबलेली. दादानं तिला यंत्रासमोर बसवलं. छातीत दुखतंय का, या प्रश्नाला तिनं काय सांगितलं ते शेजारणीनं नंतर मला सांगितलं, "दुखत नाही बाई, थोडं जड वाटतंय. आधी त्या अपघातवाल्यांना बघा."

पट्टी हिरवी आली.

दादानं काच बडवली. काच रोजच कुणीतरी बडवायचं, आत कुणी मान वर केली नाही. त्यानं दाराला खांदा दिला, पुन्हा दिला. ते दार त्याच्यासारख्यांसाठीच बनवलेलं होतं.

"डॉक्टर, बाहेर माझी आई आहे," मी ओरडले.

"पट्टी कोणती?"

"हिरवी. पण तिचा चेहरा बघा जरा."

"हिरवी आहे तर थांबेल. बोट हलवू नकोस, हा जाईल."

मी बोट हलवलं नाही. आई खुर्चीत एका बाजूला कलली. दादानं तिला सावरलं, दंडाला पट्टा पुन्हा बांधला. त्यानं एकदा काचेतून माझ्याकडे पाहिलं. मग वळला आणि आईच्या तोंडात मारली.

गॅसच्या टाक्या उचललेला हात तो. आईचं डोकं मागच्या भिंतीवर आपटलं. आणि तिनं जे आयुष्यभर केलं तेच केलं. ओठ दातांत धरला, तोंड भिंतीकडे केलं. चूं नाही. यंत्र पुढचा प्रश्न विचारत होतं. दादानं तिची हनुवटी धरून चेहरा कॅमेऱ्याकडे वळवला आणि पुन्हा मारली. ओठ फुटला, रक्त गळ्यावर आलं. तरी आवाज नाही. तो ओरडत होता. काचेपलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण तोंडावरून कळत होतं, "रड आई, रड." तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा तिनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. मारणारा कोण आहे हे तिला तेव्हा कळलं असावं. मग ती रडली. तो हंबरडा मला जाड काचेतूनही ऐकू आला.

दार उघडलं. डॉक्टरांनी छातीवर तारा लावल्या आणि कागदाकडे बघून शिवी हासडली. मोठा झटका होता, आणखी थोडा वेळ गेला असता तर आटोपलंच होतं.

बाहेर लोकांनी दादाला घेरलं. म्हाताऱ्या आईला मारतो म्हणून लाथाबुक्क्यांनी तुडवलं, खुर्ची पाठीवर मोडली. त्यात दोघे स्वतःच्या माणसांना चिमटे काढून आलेले होते, मी त्यांना ओळखते. दादानं हात वर केला नाही. लोक दमले तेव्हा तो उठला आणि नियमाप्रमाणे फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. त्याला फेकायला कुणी लागलं नाही. त्याच्या भुवईला टाके मीच घेतले, फूटपाथवर.

आता काचेमागे पुन्हा सिस्टर बसते, गळ्यात कार्ड घालून. दादाला कामावरून काढलं, तो परत टाक्या वाहतो. आई घरी आली. तिनं सगळ्यांना सांगितलं की पोरानंच मला वाचवलं. तिला तसंच वाटतं, खोटं बोलत नाही ती.

काल ती खाटेवर बसली होती. तिच्या मागच्या फळीवरची गोळ्यांची डबी घ्यायला दादानं तिच्या खांद्यावरून हात पुढं केला. आईनं डोळे मिटले, ओठ दातांत धरला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. दादाचा हात तसाच हवेत राहिला. त्यानं डबी घेतली नाही. मीच उठून तिला गोळी दिली.